परक्या बंदराची हाक

लामू बेटावरील मातोन्दोनी गावच्या वाळूवर मचव्याच्या फटींत खोबरेल तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसविण्याचे काम चालले होते. शेवटची फट बुजली, तशी बुनू आजोबांनी हातोडी वाळूत ठेवली, कण्हत कण्हत कंबर सरळ केली आणि अथमानसमोर ताठ उभे राहून बोटे भुवईशी नेली.

"अफान्दे, कापूस भरून झाला. आता पुढचा हुकूम?"

भोवतीची मंडळी खो खो हसली. अथमानही हसला, पण ते हसू ओठांपर्यंतच आले.

फौजेतल्या माणसास या किनाऱ्यावर अफान्दे म्हणतात. त्या शब्दात आदर असतो, थोडे भय असते, आणि माणूस फौज सोडून घरी आला म्हणजे उरते ती केवळ थट्टा. अथमानची उमेदीची सारी वर्षे उत्तरेकडील रखरखीत वाळवंटात, सरहद्दीवरच्या तंबूंत गेली. तो परतला तेव्हा मिशा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या, मुलगी रेहेमा सासरी नांदत होती आणि वडील मातीआड झाले होते. वडिलांचे नाव फामाऊ. परंतु त्या नावाने त्यांस कोणी हाक मारल्याचे गावात कोणास आठवत नव्हते. ते नाखवा होते. त्यांच्या मागे इतकी वर्षे लोटली, तरी "नाखव्याचं घर कुठलं?" असे विचारले की लहान पोरही बोट दाखवीत असे.

आणि त्याच घरात आता अफान्दे राहत होता. हेच अथमानचे शल्य होते.

नाखवेपण हे मागून मिळत नाही, विकत मिळत नाही आणि वारसाहक्कानेही येत नाही. त्याची रीत मोठी विलक्षण आहे. आपले गाव ते नाव देऊ शकत नाही; गाव म्हणजे घर, आणि घरच्यांनी केलेल्या कौतुकास कोण विचारतो? माणसाने स्वतःचा मचवा हाकारून दूरच्या बंदरी जावे, आणि तेथील एखाद्या अनोळखी मुखातून, न मागता, न सुचविता, "नाखवा" ही हाक यावी. मग ते नाव वाऱ्याबरोबर घरी येते; बहुधा माणसाच्या आधीच पोहोचते. फामाऊंना ती हाक पेंबा बेटावर मिळाली होती. अथमानलाही पेंबाच गाठायचे होते, आणि तेही वडिलांप्रमाणे केवळ शिडावर.

"इंजिन लाव की एक छोटंसं," बुनू आजोबा म्हणाले होते. "वारा पडला तर काय करशील?"

"बसेन."

"तू बसशील? तू?" आजोबांना ठसका लागला. "अरे, भात शिजेपर्यंत तुझ्यानं बसवत नाही. तुझी बायको मिझे सांगते, झाकण उघडून तांदळाला विचारतोस, 'अजून किती वेळ?'"

अडचण मात्र वाऱ्याची नव्हती, खलाश्यांची होती. एवढ्या मचव्यास तिघे तरी हवेत. गावातले तीन जाणते गडी त्याच्याबरोबर एकदा खाडीत फेरी मारावयास गेले. किनारा सुटताच अथमानने त्यांची हजेरी घेतली.

"अफान्दे," एकजण कळवळून म्हणाला, "मी तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलोय. दिसतोय ना? मग 'हजर' कशाला म्हणू?"

पुढे शीड चढविताना त्याने अशी गर्जना केली की झाडीतले बगळे उडाले. दोरी सोडावयास सांगताना ओरडला, दोरी धरावयास सांगताना ओरडला, आणि कोणी काहीच करीत नव्हते तेव्हा काही का करीत नाही म्हणून ओरडला. परतीच्या वाटेवर पाणी कमरेइतके झाल्याबरोबर तिघेही शांतपणे मचव्यातून उतरले आणि चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशीपासून अथमान रस्त्याने येताना दिसला की गडीमाणसांची पाठ दुखू लागे, कोणाची सासू आजारी पडे.

"मग एकटाच जाईन," तो एके दिवशी म्हणाला.

"एकट्यानं?" बुनू आजोबांनी डोळे बारीक केले. "मग ओरडणार कोणावर?"

उत्तरेचा वारा स्थिर झाला, ज्यास येथे कास्काझी म्हणतात, आणि निघण्याची सकाळ उजाडली. मिझेने बाजरीची भट्टीत भाजलेली भाकरी, खजूर, सुके मासे असे सारे एका कापडात बांधून त्या गाठोड्यावर गाठीवर गाठ मारली. तिचे डोळे कोरडे होते, जीभ मात्र ओली होती.

"रेहेमाचे बाबा, समुद्राला 'सावधान' म्हणू नका हं. तो वयानं मोठा आहे."

"रेहेमाची आई, मी काय वेडा आहे?"

"ते मी अल्लाला विचारते रोज. तो म्हणतो, घेऊन टाकलंस ना पदरात, आता बोलू नकोस." मग तिने त्याच्या छातीवर तळहात टेकला आणि क्षणभर तसाच ठेवला. "नाव मिळो न मिळो. माणूस परत आणा."

खारफुटीची हिरवी भिंत मागे पडली, लाटांचा पांढरा कट्टा ओलांडला, आणि पाण्याचा रंग पाहता पाहता गडद झाला. अथमानने आयुष्यात प्रथमच असे स्थान पाहिले की जेथे त्याच्यापुढे कोणी अधिकारी नव्हता आणि मागे कोणी शिपाई नव्हता. वर आकाश, खाली अथांग नीलिमा, मध्ये नारळाएवढा एक मचवा, आणि त्यात तो. ईश्वराच्या त्या विराट दरबारात माणसाने कसे बसावे याचे शिक्षण त्यास कोणी दिले नव्हते. म्हणून त्यास जे येत होते तेच त्याने केले.

"शीड ताण!" तो ओरडला.

कोणी हलले नाही. अखेर त्याने स्वतःच उठून शीड ताणले.

"दोरी बांध!"

त्यानेच बांधली.

"पाणी उपस! झटपट!"

नारळाची करवंटी घेऊन तो पाणी उपसू लागला, आणि अर्ध्यावर थांबला. या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणे काही सुखाचे नव्हते. माणूस खटपटीत असताना वर उभे राहून ओरडण्याची याला गरजच काय? दिसत नाही का की मी उपसतोच आहे? त्या तीन गड्यांचे चेहरे त्यास आठवले, कमरेइतक्या पाण्यातून चालत गेलेल्या त्यांच्या पाठी आठवल्या. आणि त्या एकाकी समुद्रावर अथमान इतक्या मोठ्याने हसला की करवंटी हातातून सुटली आणि लाटेवर डुलत दूर गेली. त्यानंतरचे पाणी त्याने जेवणाच्या थाळीने उपसले.

दिवस तापला, कलला, पुन्हा उगवला. हळूहळू त्याचा आवाज खाली आला. आधी गर्जना गेली, मग हुकूम गेला, मग शब्दच गेले. मचव्याच्या कुरकुरीत निरनिराळे स्वर असतात, एक डोलकाठीच्या पायथ्याचा, एक सुकाणूचा, एक ओल्या दोरीचा, हे त्यास ऐकू येऊ लागले. शीड किती ताणावे हे शीडच सांगत होते. ते आजवर सांगत नव्हते असे नाही, याच्या ओरडण्यात ते बुडून जात होते, इतकेच. एकदा डॉल्फिनांचा मेळा नाळेपुढे, मचव्याच्या पुढच्या टोकाशी, उड्या घेत चालला, तेव्हा हा नातवंडांच्या खेळास हसावे तसा टाळ्या पिटीत राहिला. त्याने वडिलांचे एक वल्ह्यांचे गाणे म्हणून पाहिले. गळा बेसूर होता. तक्रार करणारे कोणी नव्हते. मग त्याने ते पुन्हा म्हटले.

आणि तेव्हाच आभाळाच्या एका कोपऱ्यातून काळा ढग धावून आला.

वाऱ्याचा पहिला तडाखा असा बसला की मचवा कुशीवर गेला. "थांब!" अथमान वाऱ्याकडे हात उगारून ओरडला, जुनी सवय, संकटात सर्वांत आधी तीच धावून येते. वारा थांबला नाही. शिडाच्या मधोमध कापड फाटल्याचा चर्र असा आवाज झाला. तेव्हा मात्र त्याने हात खाली घेतला, परबाणाची, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीची, दोरी सोडून शीड उतरविले, मचव्याच्या तळाशी बसून फळीस पाठ टेकली आणि वाट पाहिली. पाऊस अंगावर आदळत होता. त्याने कोणास काही सांगितले नाही. लाट मचवा उचली, खाली ठेवी. उचली, खाली ठेवी. आईच्या मांडीवरचे मूल जसे हेलकाव्यांना आपली मान देऊन टाकते, तशी त्याने आपली मान देऊन टाकली. ढग आला तसाच गेला, आणि अथमानच्या ध्यानी आले की भीतीच्या जागी त्यास चांगलीच भूक लागली आहे.

भाकरी खाऊन झाल्यावर त्याने शीड पाहिले. छिद्रातून बकरी आरपार गेली असती. ठिगळास कापड हवे होते. मिझेने गाठोडे ज्यात बांधले होते तो तिचा कांगा होता, बायका अंगाभोवती गुंडाळतात तसले लालभडक, जाड, मजबूत वस्त्र. दाभण आणि सुतळी घेऊन त्याने तो ऐटीत शिडावर शिवला. टाके वीतवीतभर पडले, पण पक्के पडले. शीड पुन्हा फुगले. मागे सुकाणूवर बसलेल्या अथमानला त्या वस्त्राची फक्त आतली बाजू दिसत होती: पांढरट, अस्पष्ट, मध्ये आंब्याच्या कोयरीसारखी नक्षी. सुरेख दिसतेय, असे त्यास वाटले.

पेंबा त्यास दिसण्याआधी आले ते सुगंधाने. दुपारच्या उन्हात चटयांवर वाळत घातलेल्या लवंगांचा तो तिखट, उष्ण परिमळ पाण्यावरून येतो, आणि जुने नाविक सांगत की त्या वासाने भुकेलेला माणूस रडतो व तृप्त माणूस शिंकतो. अथमानने दोन्ही केले. बेटाच्या उत्तरेकडील टोकास वळसा घालून तो पश्चिमेच्या निवाऱ्यात शिरला. पुढे प्रवाळखडकांची लांब रांग होती, आणि त्या रांगेत एक अरुंद वाट.

त्या वाटेस दार म्हणतात. आणि दार म्हटले की रीत आली. या किनाऱ्यावर कोणाच्याही उंबऱ्याशी आलेला माणूस बाहेरूनच, येऊ का अशा अर्थाची, हाक घालतो, "होडी!" आतून "करिबू" असे उत्तर आले तर आत जावयाचे. नाही आले तर पुन्हा हाक घालावयाची. तीन हाकांस उत्तर मिळाले नाही तर मुकाट परतावयाचे. घरात माणसे बसलेली दिसत असली तरी परतावयाचे. जो नियम घराच्या दारास, तोच बंदराच्या दारास. फौजेत असताना अथमान पुष्कळ दारांतून आत गेला होता. त्यांतल्या एकाही दाराशी त्याने होडी म्हटले नव्हते. तिथे खांद्याने दार उघडण्याची रीत होती. आज मचवा त्या वाटेसमोर आला, तेव्हा त्याने शाळेत निघालेल्या मुलासारखा सदरा सारखा केला.

भरती ओसरली होती. उघड्या पडलेल्या खडकांवर, गुडघाभर पाण्यात, गावच्या बायका काठ्यांनी कपारींतले अष्टपाद मासे शोधीत होत्या. बेटाचे स्वागत-अस्वागत त्यांच्याच हाती होते.

"होडी!" अथमानने हाक दिली.

बायकांनी माना वर केल्या. त्यांनी मचवा पाहिला, मग शीड पाहिले. काठ्या जागच्या जागी थांबल्या. कोणी उत्तर दिले नाही.

"होडी!" त्याने पुन्हा हाक दिली. दुसरी हाक गेली.

त्या घोळक्यातून एक वृद्धा पुढे आली. वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलेले, कमरेस माशांची टोपली, पाठ धनुष्यासारखी. तिचे नाव सियाजाबू होते. पण बाकीच्या बायका ज्या रीतीने बाजूस सरल्या, त्यावरून नाव न कळताही तिचे स्थान कळत होते.

"ए बाबा! कोणाला म्हणतोस रे जळ म्हणून?"

"जळ?" अथमान गोंधळला. "मावशी, मी तर नुसतं होडी म्हणालो."

"तोंडानं होडी म्हणायचं आणि शिडावर शिव्या लिहायच्या? कुठल्या गावची रीत ही?"

अथमान धडपडत नाळेकडे गेला आणि प्रथमच आपल्या शिडाकडे समोरून पाहिले. कांग्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते हे त्यास ठाऊक होते. आभाळात तारे असतात हे जसे माणसास ठाऊक असते, तसे. आता ती ओळ, ठळक काळ्या अक्षरांत, त्याच्या डोक्यावर वाऱ्याने फुगून उभी होती: "जळणारीनं जळावं, मी तर आलेच!"

"आणि 'आलेच' म्हणे!" मागून एक तरुण बाई किंचाळली. "आलेच! अगं बाई, मिशा तरी काढायच्या होत्यास यायच्या आधी!"

खडकांवर हास्याचा असा कल्लोळ उठला की कपारीतले सारे मासे नक्कीच खोल गेले असतील. सियाजाबू मात्र हसली नाही.

अथमानच्या हाताशी एकच हाक उरली होती. ती आत्ता घातली आणि या म्हातारीने तोंड फिरविले, तर मचवा वळवून परत जावे लागणार; आणि मग गावात अफान्दे म्हणूनच म्हातारे व्हावयाचे, अफान्दे म्हणूनच मरावयाचे. घसा साफ करून, छाती काढून, साऱ्या प्रकाराचा खुलासा मोठ्या आवाजात करावा अशी ऊर्मी आली. ती त्याने येऊ दिली आणि जाऊ दिली. मग त्याने परबाणाची दोरी हलकेच सोडली. शीड खाली आले, ती उद्धट ओळ घड्यांत मिटली. नांगर टाकून तो नाळेवर पाय सोडून बसला.

"का रे, तिसरी हाक नाही घालत?" म्हातारीने विचारले.

"आत्ता नाही, मावशी. तुमचं काम चाललंय. होऊ द्या."

ऊन डोक्यावरून खाली येऊ लागले. तो बसून राहिला. बायका पुन्हा कपारी धुंडाळू लागल्या. पण मासे शोधता शोधता खडकाखडकाने त्या मचव्याजवळच सरकत होत्या, कारण असा तमाशा रोज येत नाही.

"कांगा बायकोचा वाटतं?" एकीने विचारले.

"हो."

"कोणासाठी घेतला होता तिनं?"

अथमानने विचार केला. "शेजारणीसाठी असेल. आमच्या शेजारणीच्या मुलाचं लग्न आहे. दोघींचं पटत नाही."

"अय्या! म्हणजे लग्नात नेसून मिरवायचा होता तिला, आणि तू इथे आणून शिडाला लावलास? घरी गेल्यावर तुझी धडगत नाही!"

"आणि तू वाचलं नाहीस?" सियाजाबूने विचारले.

"नाही, मावशी."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"मुलीचंही लग्न झालं."

"इतकी वर्षं ती अंगावर लिहून तुझ्यासमोर फिरतेय, आणि तू एकदाही वाचलं नाहीस!" म्हातारीने आभाळाकडे पाहिले. "अल्ला, या माणसाला तू इथवर सुखरूप कसा आणलास!"

अथमान पाण्याकडे पाहत राहिला. तिथे त्यास मिझे दिसली, निळ्या कांग्यातली, पिवळ्या कांग्यातली, दारात उभी, चुलीशी वाकलेली, आणि प्रत्येकीच्या काठावर न वाचलेली एक ओळ. घरी गेल्यावर पेटी उघडून साऱ्या वाचावयाच्या, असे त्याने ठरविले, आणि त्या विचाराने त्यास फार मौज वाटली.

म्हातारी आता मचव्यास हात लावता येईल इतकी जवळ आली होती. तिने ठिगळ चाचपले. "टाके बुटासारखे आहेत. पण धरलेत." मग आत डोकावून म्हणाली, "बाकीचे खलाशी झोपलेत का?"

"नाहीत कोणी."

"एकटा आलास? लामूहून?"

"हो, मावशी."

"हौस म्हणून?"

येथे वाढवून सांगता आले असते. वडिलांचे नाव सांगता आले असते. पेंबात ते अजून कोणाच्या तरी स्मरणात असेलच. अथमान म्हणाला, "नाही. कोणी यायलाच तयार नव्हतं. मी फार ओरडतो."

सियाजाबूने त्याच्याकडे निरखून पाहिले. सुरकुत्यांच्या त्या जाळ्यात कुठेतरी काहीतरी हलले, आणि मग तो चेहरा हळूहळू, भरती येते तसा, हास्याने भरून आला. तिला दात थोडे होते, पण हसू पुरेपूर होते.

खरी भरतीही आता आली होती. खडकांची डोकी एकेक करून बुडू लागली. बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि किनाऱ्याची वाट धरली. हीच वेळ होती. अथमान उठून उभा राहिला. त्याने श्वास घेतला, आणि मग आयुष्यात कधी काढला नव्हता इतक्या हळू स्वरात म्हणाला,

"होडी."

म्हातारीने कानामागे हात धरला. "काय म्हणालास? ऐकू नाही आलं. आणि म्हणे, 'मी फार ओरडतो'!"

पुढे गेलेल्या बायकाही थांबल्या. लाटेचे लहानसे पाणी मचव्याच्या बुडाशी चुळुकचुळुक करीत होते. अथमानने दुसऱ्यांदा तोंड उघडले नाही. रीतीप्रमाणे त्याची तिसरी हाक घालून झाली होती, आणि चौथी हाक नसते. तो हात बांधून उभा राहिला.

"करिबू," सियाजाबू म्हणाली. मग जणू भाजीस मीठ कमी पडले म्हणून चिमूटभर आणखी टाकावे, इतक्या सहजपणे तिने पुढचा शब्द टाकला. "करिबू, नाखवा."

तो शब्द पाण्यावरून पलीकडे गेला. त्या तरुण बाईने तो उचलला आणि किनाऱ्याकडे तोंड करून ठणठणीत आवाजात पुढे धाडला, "अगं ए, भात वाढवा! लामूहून नाखवा आलाय! मिशावाला! एकटाच!" झाडीतून कोणीतरी ओरडून विचारले, "कोण आलाय?" आणि तीन-चार आवाजांनी मिळून उत्तर दिले. नाखवा, नाखवा असे ते माडांच्या आत आत जात राहिले.

अथमानने नांगर उचलला. शीड चढविताना ती लाल ओळ पुन्हा वाऱ्यावर उलगडली, तशा बायका नव्याने खिदळल्या. त्याने आभार मानावयास तोंड उघडले. आला तो हसण्याचा एक उमाळा, मग दुसरा, आणि मग डोळ्यांतून पाणी वाहत असता तो पोट धरून हसतच सुटला. सियाजाबू काठी टेकीत, मांडीभर पाण्यातून, त्या अरुंद वाटेच्या कडेने मचव्याच्या पुढे चालू लागली.

"डावीकडे घे," ती मागे न पाहता म्हणाली. "अजून. अजून थोडं. आता सरळ."

त्याने डावीकडे घेतले, अजून घेतले, अजून थोडे घेतले, सरळ केले.

"आणि हसू नंतर, नाखवा. आधी तो खडक चुकव."